अजिंठ्याचा गिलसाहेब

फायनल इयरला असताना माझ्या लॅपटॉपची हार्डडिस्क उडाली. प्रोजेक्टची सहा महिन्यांची रीडिंग्ज, आलेख, ड्रॉइंग्ज, सगळं एका रात्रीत गेलं. बॅकअप घेतला होतास का, हा प्रश्न त्या आठवड्यात इतक्या जणांनी विचारला की मी मेसला मुद्दाम सगळ्यात उशिरा, भाजी संपल्यावर जायला लागलो. गाईड सर रागावले नाहीत. सबमिशनची तारीख तीच राहील, एवढंच त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

दोन दिवस मी डोक्यावर पांघरूण घेऊन पडून होतो. तिसऱ्या दिवशी रूममेट्सनी जबरदस्तीने उठवलं आणि अजिंठ्याला नेलं. छत्रपती संभाजीनगरात चार वर्षं काढली, पण लेणी पाहिली नव्हती. आपल्या होस्टेलवर असे पुष्कळ आहेत, हे मला माहीत आहे. नावं छापत नाही.

पहाटेची जळगाव एसटी. फुलंब्री, सिल्लोड, गोळेगाव, मग अजिंठा गाव आणि घाट उतरल्यावर फर्दापूर. साधारण शंभर किलोमीटर. माझा मूड काही सुधारला नव्हता. वाघूर नदीचा तो घोड्याच्या नालासारखा वळसा, काळ्या कड्यात ओळीने कोरलेली लेणी, खाली नदीचा आवाज, हे सगळं बघूनही मी आपला हार्डडिस्कचाच विचार करत होतो.

दहाव्या लेण्यात शिरलो तेव्हा आधी वास आला. उग्र, डोळ्यांत चुरचुरणारा. वटवाघळांचा. चित्रांच्या मोठ्या लेण्यांना आता जाळीची दारं आहेत, पण हा प्राणी चिवट. आमच्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्याने लगेच अल्ट्रासॉनिक, इको आणि सोनार यांवर व्याख्यान सुरू केलं. गाईडने त्याला थांबवलं आणि एका खांबाकडे बोट दाखवलं. बराच वर, हात पोचणार नाही अशा उंचीवर, एका रंगवलेल्या आकृतीवर इंग्रजीत नाव कोरलं होतं. जॉन स्मिथ, २८ एप्रिल १८१९. मद्रासच्या सैन्यातला हा अधिकारी वाघाच्या शिकारीसाठी या दरीत आला होता. त्याने एवढ्या उंचावर कसं काय कोरलं, तर तो उभा होता तिथे तेव्हा जमीनच उंच होती. शतकानुशतकांचा गाळ, दगडमाती आणि वटवाघळांची विष्ठा यांचा पाच फुटांचा ढीग. त्या ढिगावर उभं राहून साहेबांनी आपल्या पोरांनी किल्ल्यावर करावं तेच केलं.

स्मिथने अजिंठ्याचा शोध लावला, असं आपण शाळेत पाठ केलं. हरवलेली वस्तू सापडली तर शोध. पलीकडच्या लेणापूरच्या लोकांच्या दृष्टीने लेणी हरवली कधी होती? ती तिथेच होती. पण स्मिथ ही काही या लेखाची गोष्ट नाही. गाईडने पुढच्या लेण्यात जाताना सहज दुसरं एक नाव घेतलं, मेजर रॉबर्ट गिल. त्याच्या चित्रांचं काय झालं ते दोन वाक्यांत सांगितलं, आणि मी जागच्या जागी थांबलो. परत आल्यावर लायब्ररीत, इंटरनेटवर, मिळेल तिथे त्याच्याबद्दल वाचत सुटलो. प्रोजेक्ट सोडून हे काय चाललंय, असं सगळे म्हणत होते.

गिलचा जन्म लंडनचा, २६ सप्टेंबर १८०४. विशीच्या आसपास ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्यात भरती झाला आणि चव्वेचाळिसाव्या मद्रास नेटिव्ह इन्फन्ट्रीत अधिकारी झाला. कंपनीच्या नोकरीतली अशी शेकडो माणसं त्या काळी हिंदुस्थानात होती. वय वाढलं की बढती, मग पेन्शन, मग बोटीने घरी. गिलचंही तसंच व्हायचं, पण त्याचा हात चित्रकलेत चांगला होता.

इकडे जेम्स फर्ग्युसन नावाचा एक गृहस्थ होता. मूळचा निळीचा व्यापारी, पण वेड जुन्या इमारतींचं. त्याने १८३९ मध्ये अजिंठा पाहिला आणि १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत कोरीव लेण्यांवर निबंध वाचला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की अजिंठ्याची चित्रं जगात एकमेव आहेत आणि ती रोज नष्ट होत आहेत, तेव्हा निदान त्यांच्या नकला तरी करून ठेवा. नष्ट होत होती हे खरंच होतं. पावसाचं पाणी झिरपत होतं, वटवाघळं होती, आसऱ्याला येणारे लोक आत चुली पेटवत होते, त्याचा धूर होता. या सगळ्यांपेक्षा वाईट म्हणजे हौशी पाहुणे होते. भिंतीवरचे चेहरे सोलून आठवण म्हणून न्यायचे. निघताना त्यांचा बऱ्याचदा नुसता चुरा व्हायचा, तो वेगळाच.

चुरा का होतो, हे सिव्हिलवाल्यांना लगेच कळेल. अजिंठ्याचा दगड म्हणजे आपला बेसाल्ट. चुनखडीच्या गुहांमध्ये छताला झुंबरासारखे लोंबणारे आणि जमिनीतून वर येणारे सुळके निसर्ग तयार करतो, तसं इथे काही नाही. इथली पोकळी छिन्नी-हातोड्याने काढलेली. त्या खडबडीत दगडावर मातीचा गिलावा, त्यात भाताची तुसं, गवत, झाडाचे तंतू. त्यावर चुन्याचा पातळ हात आणि त्यावर कोरडं झाल्यावर डिंकासारख्या पदार्थात कालवलेले खनिज रंग. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, आणि निळ्यासाठी अफगाणिस्तानातून आलेला लाजवर्द. म्हणजे चित्र दगडावर नाहीच, मातीच्या सालीवर आहे. ओल शिरली की साल सुटते. वटवाघळांच्या विष्ठेतून आणि मुतातून अमोनिया आणि क्षार येतात, त्यांचा काळा टणक थर चित्रावर बसतो. सगळ्यात जुनी लेणी इसवी सनापूर्वीची आहेत, पण आपण ज्यांचे फोटो कॅलेंडरवर पाहतो ती पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या, सतराव्या लेण्यातली चित्रं बहुतेक पाचव्या शतकातली, वाकाटकांच्या काळातली. दीड हजार वर्षं मातीची साल टिकली, हेच नवल.

तर सोसायटीने कंपनीच्या डायरेक्टरांकडे अर्ज केला, डायरेक्टरांनी हुकूम काढला आणि १८४४ मध्ये या कामासाठी कॅप्टन गिलची नेमणूक झाली. वय चाळीस.

काम म्हटलं तर सोपं. भिंतीवर आहे तसं कॅनव्हासवर उतरवायचं, तैलरंगात, शक्यतो मूळ आकारात. स्वतःचं काही घालायचं नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर जर्नल उतरवणे. होस्टेलमध्ये आपण एका रात्रीत तीन जर्नल्स उतरवतो आणि त्यातलं एक अक्षर सकाळी आठवत नाही, म्हणून नक्कल म्हटलं की आपल्या चेहऱ्यावर एक तुच्छ हसू येतं. माझ्याही आलं होतं. पण अंधाऱ्या लेण्यात जाऊन एखाद्या चित्रासमोर पाच मिनिटं उभे राहा. आधी काहीच दिसत नाही. मग डोळे सरावतात आणि एक हात दिसतो, मग कमळ, मग दागिना, मग एकदम अख्खी गर्दी अंगावर येते. राजे, दासी, माकडं, हत्ती, खांबाला टेकलेली कुणीतरी विचारात पडलेली बाई. रेषा कुठे संपते आणि डाग कुठे सुरू होतो, हे ठरवायला लागतं. दर इंचाला निर्णय. त्याला नक्कल म्हणायचं असेल तर म्हणावं.

गिल राहायचा वर अजिंठा गावात, निजामी अमलातल्या जुन्या बारादरीत. तटबंदीचं गाव, निजामाचं राज्य. तिथून घाट उतरून दरीत यायचं. दरीत जंगल, जंगलात वाघ. गिल स्वतः पट्टीचा शिकारी होता आणि त्या भागात त्याचं नाव चित्रांपेक्षा बंदुकीमुळेच जास्त झालं होतं असं दिसतं. आज हे वाचताना आपल्याला ते फारसं आवडत नाही, मलाही नाही. पण त्या दरीत वीस वर्षं रोज उतरणारा माणूस कसा असणार, याची कल्पना त्यावरून येते. पावसाळ्यात नदी भरते, लेण्यांत पाणी झिरपतं, अंगात ताप. आजारपणामुळे त्याचं काम वारंवार अडलं.

१८४४ ते १८६३ या एकोणीस वर्षांत त्याने भिंतींच्या मोठमोठ्या भागांच्या सत्तावीस नकला पूर्ण केल्या. मी उगीच भागाकार करून पाहिला, सरासरी साडेआठ महिन्यांना एक चित्र. वरिष्ठांना हा वेग पसंत पडला असेल असं वाटत नाही. आपल्याकडेही प्रोग्रेस रिपोर्टमध्ये साडेआठ महिन्यांत एक असं लिहिलं तर काय होईल ते सांगायला नको.

आता पारोबद्दल. महाराष्ट्रात गिलचं नाव ज्यांनी ऐकलंय, त्यांतल्या बहुतेकांनी ते पारोमुळेच ऐकलंय. ना. धों. महानोरांनी त्या दोघांवर अजिंठा हे दीर्घ काव्य लिहिलं, २०१२ मध्ये नितीन देसाईंचा त्याच नावाचा सिनेमा आला. गावागावांत सांगितली जाते ती गोष्ट अशी, की पारो ही लेणापूरकडची मुलगी, तिने साहेबाला लेणी दाखवली, रंगांसाठी दगड-माती आणि पाला शोधून दिला, दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती तरी जीव जडला. गोष्ट सुंदर आहे. यात खरं किती आणि लोकांनी प्रेमाने घातलेलं किती, हे वेगळं काढता येत नाही.

पण एक गोष्ट दगडावर आहे. अजिंठा गावात पारोची समाधी आहे, आणि तिच्यावर इंग्रजीत तिचं नाव, आपली प्रिय म्हणून केलेला उल्लेख, २३ मे १८५६ ही तिच्या मृत्यूची तारीख आणि गिलचं नाव कोरलेलं आहे. कंपनीचा एक अधिकारी, लग्न झालेला, मुलाबाळांचा बाप. त्या काळात बरेच साहेब स्थानिक बायकांबरोबर राहायचे, पण त्याबद्दल कागदावर सहसा काही ठेवायचे नाहीत. गिलने दगडावर कोरून ठेवलं. याचं श्रेय त्याला द्यायला हवं. तरी मला दुसरीही बाजू दिसते. तो हुकमी साहेब, ती खेड्यातली पोर. त्याची चित्रं आहेत, फोटो आहेत, नोकरीचे कागद आहेत. तिच्या बाजूची एक ओळ कुठे नाही. तिला या सगळ्याबद्दल काय वाटत होतं, हे महानोरांसारख्या कवीलाच विचारावं लागतं.

समाधीवरच्या त्या तारखेच्या आसपासच, म्हणजे १८५६ च्या सुमारास, गिलच्या आयुष्यात कॅमेरा आला. हे माझ्या आवडीचं प्रकरण आहे म्हणून जरा थांबतो. तेव्हाची पद्धत ओल्या काचेची. काचेच्या पट्टीवर कलोडियन नावाचा चिकट द्राव पसरायचा, ती अंधारात सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत धावत जाऊन डेव्हलप करायची. हातात सगळी मिळून दहा-पंधरा मिनिटं. म्हणजे जिथे फोटो तिथेच अंधारखोली, रसायनं, काचा, पाणी, हे सगळं घाटातून खाली न्यायचं. आता विचार करा, गुहेत उजेड नाही म्हणून काच जास्त वेळ उघडी ठेवायची, आणि खानदेशच्या काठावरचा उन्हाळा त्याच वेळी ती काच वाळवतोय. आम्ही फ्लॅश बंद करून मोबाईलवर फोटो काढले, ते हलले म्हणून कुरकुर केली.

गिल नुसते फोटो काढून थांबला नाही. तो दोन भिंगांचा कॅमेरा वापरायचा. दोन डोळ्यांमधल्या अंतराएवढ्या अंतरावरून दोन चित्रं घ्यायची आणि स्टिरिओस्कोपमधून पाहायची, की खांब खांबाच्या मागे उभा राहतो, खोली कळते. थ्रीडी चष्मा घालून आपण जे बघतो त्याचं तत्त्व हेच. त्याच्या फोटोंवर १८६४ मध्ये फर्ग्युसनने दोन पुस्तकं काढली. एकात अजिंठा आणि वेरूळची लेणी, ७४ फोटो. दुसऱ्यात पश्चिम हिंदुस्थानातल्या इमारती आणि निसर्ग मिळून शंभर स्टिरिओ चित्रं, त्यात शिकारीसुद्धा आल्या. पुढे त्याने लोणारच्या दैत्यसूदन मंदिराचेही फोटो काढले. लोणारला सहलीला गेलेल्यांनी ते जुने फोटो जरूर शोधून पाहावेत, मंदिर तेव्हा कसं दिसत होतं ते कळतं. पण हे सगळं काळं-पांढरं. रंग फक्त कॅनव्हासवर होते.

आणि ते कॅनव्हास लंडनला गेले.

लंडनमध्ये सिडनहॅम इथे क्रिस्टल पॅलेस होता. आपल्या पुस्तकांत प्रीफॅब्रिकेशनच्या धड्यात त्याचं नाव येतं. जोसेफ पॅक्स्टनने १८५१ च्या महाप्रदर्शनासाठी हाइड पार्कमध्ये ओतीव लोखंड आणि काच यांचा प्रचंड सांगाडा उभा केला. सुटे भाग कारखान्यात बनवायचे, जागेवर आणून जोडायचे. प्रदर्शन संपल्यावर तो सोडवला आणि सिडनहॅमला आणखी मोठा करून १८५४ मध्ये पुन्हा उघडला. त्या काळातली इंजिनिअरिंगची शान. जगभरातल्या कलांची दालनं त्यात होती, हिंदुस्थानचंही होतं. गिलची चित्रं तिथे टांगली. ओलाव्यापासून, धुरापासून, वटवाघळांपासून हजारो मैल दूर, अगदी सुरक्षित.

३० डिसेंबर १८६६. क्रिस्टल पॅलेसच्या उत्तरेकडच्या भागाला आग लागली. लोखंड आणि काच जळत नाही, हे खरं. पण जमीन लाकडाची, आतलं सामान लाकूड, कापड, प्लास्टर यांचं, आणि वर अख्खा पोकळ सांगाडा धुराड्यासारखा. उत्तरेचा तो भाग पार गेला, पुन्हा बांधलाच नाही. उरलेली इमारत पुढे १९३६ मध्ये दुसऱ्या आगीत संपली. गिलच्या सत्तावीस चित्रांपैकी चार वाचली. ती आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

हेच ते, ज्याला मी लेण्यात उभा असताना अडखळलो. मातीची साल वटवाघळांच्या संगतीत दीड हजार वर्षं राहिली आणि तिची नक्कल लोखंडाच्या इमारतीत बारा वर्षांत जळाली. विनोदच म्हणायचा. पण माझ्या डोळ्यांसमोर राहिला तो गिल. बासष्ट वर्षांचा माणूस, अजिंठ्यात. बातमी त्याला कुणी आणि कशी सांगितली असेल? एखादं सरकारी पत्र, तीन ओळींचं? की जुन्या झालेल्या इंग्रजी वर्तमानपत्रात आगीचं वर्णन वाचता वाचता त्याला हळूहळू लक्षात आलं असेल, की तिथे आपली चित्रं होती? माझी सहा महिन्यांची रीडिंग्ज होती. याची एकोणीस वर्षं होती.

शिवाय नुकसान त्याच्या एकट्याचं नव्हतं. गिलने १८४५-५० च्या सुमारास जी भिंत पाहिली, ती पुढच्यांना तशी पाहायला मिळाली नाही. मधल्या काळात तुकडे गळाले, सोलले गेले, काळवंडले. त्या तुकड्यांची रंगातली नोंद फक्त त्याच्या कॅनव्हासवर होती. आपण रीडिंग पुन्हा घेऊ शकतो. गळून पडलेल्या भिंतीचं रीडिंग परत घेता येत नाही.

गिल पुन्हा कामाला लागला. हे वाक्य मी लायब्ररीत तीनदा वाचलं, कारण पुढे काहीतरी स्पष्टीकरण असेल असं वाटलं. नव्हतं. पुन्हा घाट उतरून त्याच लेण्यांत, त्याच भिंतींसमोर उभा राहिला. चित्रं आणि फोटो, दोन्ही. पण पहिल्यासारखा मोठा संच काही त्याच्या हातून पुन्हा झाला नाही. वय झालं होतं. विलायतेला परत गेला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. तो का राहिला असेल यावर आमच्या रूममध्ये बराच वाद झाला. एकाचं मत पडलं की पारोची समाधी इथे होती म्हणून. दुसऱ्याचं म्हणणं, इतकी वर्षं झाल्यावर त्याला लंडनमध्ये ओळखणारं होतंच कोण. मला वाटतं, त्याला दुसरं काही करावंसं वाटतच नव्हतं. यातलं काहीही सिद्ध होणार नाही.

त्याच्या डोळ्यांदेखत त्याचं काम दुसऱ्यांकडे गेलं. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्याला येऊ लागले. पेस्तनजी बोमनजींसारखी आपल्याकडची मुलं त्यात होती. हे काम मधूनमधून तेरा वर्षं चाललं आणि सुमारे तीनशे चित्रं झाली. तीही लंडनला गेली. आणि १८८५ मध्ये तिथल्या संग्रहालयाच्या इमारतीला आग लागून त्यातली शंभराहून अधिक जळाली. हो, पुन्हा. आमच्या गाईडने हे सांगितलं तेव्हा आम्हाला वाटलं तो रंगवून सांगतोय, पण ते खरं निघालं. ग्रिफिथ्सने मात्र १८९६-९७ मध्ये आपल्या कामाचे दोन मोठे ग्रंथ काढले, म्हणून अजिंठा जगभर पोचला. पण रंग उठून दिसावेत म्हणून त्या काळी मूळ चित्रांवर वार्निश फिरवलं गेलं, आणि १९२० नंतर निजामाने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चित्रं वाचवण्यासाठी लाखेचा लेप दिला. हे थर पुढे पिवळे पडले, धूळ धरून बसले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना ते सगळं, वटवाघळांच्या थरासकट, इंचाइंचाने उतरवावं लागलं. वाईट करायला निघालेल्यांनी अजिंठ्याचं नुकसान केलंच, चांगलं करायला निघालेल्यांनीही केलं.

ही दुसरी आग गिलने पाहिली नाही. तो १० एप्रिल १८७९ रोजी गेला, वयाच्या पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर. अजिंठ्याला येऊन पस्तीस वर्षं झाली होती. शेवटच्या आजारपणात तो अजिंठ्याबाहेर, भुसावळच्या बाजूला होता, आणि त्याचं दफन भुसावळला झालं.

हे मी रूमवर मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा आमचा भुसावळकर रूममेट ताडकन उठून बसला. हा जन्मापासून भुसावळचा, वडील रेल्वेत. जंक्शन, केळी आणि उन्हाळा या तीन गोष्टींवर गावाचा अभिमान बाळगणारा. गिलची कबर आपल्या गावात आहे हे त्याला माहीतच नव्हतं. त्याने रात्री अकराला घरी फोन लावला. वडिलांना माहीत होतं. कधी सांगितलं नाही म्हणून हा चिडला, तर त्यांनी उलट विचारलं की तू कधी विचारलंस.

पारो अजिंठा गावात, गिल भुसावळला. मधे दोन-अडीच तासांचा एसटीचा प्रवास.

माझं प्रोजेक्ट मी पुन्हा पहिल्यापासून केलं. सहा महिन्यांचं काम सात आठवड्यांत झालं, कारण चुका कुठे होतात ते आता माहीत होतं. चार ग्राफ पहिल्यापेक्षा चांगले आले, दोन वाईट आले, ते तसेच लावले. व्हायवाला बाहेरून आलेल्या सरांनी त्या दोन वाईट ग्राफवरच पंधरा मिनिटं काढली. फाईलच्या आता तीन प्रती आहेत, एक पेनड्राइव्हवर, एक ईमेलमध्ये आणि एक भुसावळकराच्या घरच्या कॉम्प्युटरवर. तिथे ठेवायला आम्ही दोघं गेलो होतो, उन्हाळ्याच्या सुट्टीत, आणि जाताना वाटेत अजिंठा गावात उतरलो होतो. दुपारचे बारा वाजलेले, पारोच्या समाधीजवळ चिटपाखरू नव्हतं. दगडावरची अक्षरं नीट लागेनात, म्हणून त्याने बाटलीतलं थोडं पाणी ओतून हाताने धूळ पुसली. तारीख वाचता आली.